लाकडाचा भुसा आणि मानीव मालक

जॉन स्टाइनबेकच्या 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' (१९३९) या कादंबरीचे सातवे प्रकरण जुन्या मोटारी विकणाऱ्यांविषयी आहे. कथानकातील जोड कुटुंब या प्रकरणात जवळजवळ नाहीच. आहे तो विक्रेत्याचा धावता, तुटक, अधाशी आवाज. ओक्लाहोमातून परागंदा होणाऱ्या कुळांना हा आवाज खटारे विकतो, चांगल्या बॅटऱ्या काढून निकामी बसवतो आणि गिअरांचा खडखडाट ऐकू येऊ नये म्हणून त्यांत लाकडाचा भुसा भरतो. पुढे जवळजवळ पन्नास वर्षांनी रोआल्ड डाल यांच्या 'मटिल्डा' (१९८८) या बालकादंबरीत पुन्हा एक जुन्या मोटारींचा दुकानदार येतो. तो मटिल्डाचा बाप. तोही गिअरबॉक्समध्ये भुसाच भरतो आणि ड्रिल मशीन उलटे फिरवून किलोमीटर-मैलांचा आकडा खाली आणतो. आर्थिक महामंदी गेली, महायुद्ध झाले, मोटारींचे तंत्र पालटले, परंतु साहित्याला आपला भुसा बदलावासा वाटला नाही.

हा भुसा खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. जुन्या मोटारींच्या धंद्यात लबाडी आहे आणि ती मुबलक आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. दोन्ही पुस्तकांत विक्रेता एक तर आवाज आहे किंवा व्यंगचित्र. त्याने ती गाडी कुणाकडून आणली, किती रकमेला आणली, ती रक्कम कुठून उभी केली, गाडी चार महिने उभी राहिली तर त्याचे काय होते, हे प्रश्न तिथे उद्भवतच नाहीत. आर्थर मिलरच्या 'डेथ ऑफ अ सेल्समन' (१९४९) या नाटकात विली लोमन नेमके काय विकतो हे अखेरपर्यंत सांगितलेले नाही. ही अनुक्ती प्रतीकात्म म्हणून वर्गात शिकवली जाते. आम्हीही तशीच शिकवली आहे. परंतु ज्याला उद्या सकाळी शटर उघडायचे आहे त्याला हे प्रतीक फारसे पटत नाही. काय विकतो यावरच तर माणसाचे बोलणे, झोप आणि उधारी ठरते. अपवाद म्हणून जॉन अपडाइकच्या 'रॅबिट इज रिच' (१९८१) या कादंबरीचे नाव घेता येईल. तिथे मोटारविक्रेत्याला अंतर्मन आहे. पण त्याच्या पाठीशी सासऱ्याने उभारलेली टोयोटाची एजन्सी आहे. आम्ही ज्यांच्याविषयी लिहीत आहोत त्यांच्या पाठीशी कुठलीही कंपनी नसते.

आता 'आम्ही' कोण ते सांगणे आले. आम्ही दोघे मराठीचे पदव्युत्तर पदवीधर. काही वर्षे महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर शिकवले. तासांवर मानधन असल्यामुळे सुट्टीत उत्पन्न शून्य, हे या संकेतस्थळाच्या बऱ्याच वाचकांना समजावून सांगण्याची गरज नसावी. २००९ पासून कोल्हापूर-सांगली रस्त्यावर जयसिंगपूरच्या अलीकडे आम्ही जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचे दुकान चालवतो. दुकान म्हणजे दहाबारा गाड्या मावतील एवढी भाड्याची जागा, पत्र्याची शेड, एक टेबल आणि नळीने पाणी मारणारा एक मुलगा. साहित्याच्या जुन्या मित्रांना आमच्या या स्थित्यंतराविषयी थोडी करुणा वाटते व थोडा संकोच. 'पोटासाठी करावे लागते' हे वाक्य ते आमच्या वतीने म्हणून टाकतात. या लेखात आम्हांला त्या वाक्याशीच भांडायचे आहे.

मराठी कादंबरीत प्राध्यापक विपुल आहेत. शेतकरी आहेत, कारकून आहेत, गिरणी कामगार आहेत. कारागीरही आहेत, रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा'मध्ये खेडेगावातील शिंप्याच्या धंद्याची ओढाताण कुटुंबाच्या आतून दिसते. परंतु जो स्वतः काही घडवत नाही, एकाकडून घेऊन दुसऱ्याला देतो, त्या मधल्या माणसाला आमच्या साहित्यात दलाल हा एकच शब्द आहे आणि तो शिवीसारखा वापरला जातो. घडवणारा तो खरा, देणारा-घेणारा तो परोपजीवी, अशी काहीशी वाटणी आपण न तपासता स्वीकारलेली दिसते. ज्या भाषेतल्या सर्वश्रेष्ठ कवीच्या घरी महाजनकी आणि दुकान होते, त्या भाषेत ही वाटणी एवढी पक्की व्हावी हे आश्चर्य आहे. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली ही आख्यायिका आपण आवडीने सांगतो. त्याआधी ती खते लिहून घेणारे, दुष्काळात बुडालेले ते दुकान कसे चालत असेल याविषयी मात्र क्वचितच बोलतो. असो.

आमच्या धंद्याचा गंभीरपणे विचार झाला तो साहित्यात नव्हे, अर्थशास्त्रात. जॉर्ज ॲकरलॉफ यांचा 'द मार्केट फॉर लेमन्स' हा शोधनिबंध १९७० साली प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी तीन नियतकालिकांनी तो साभार परत केला होता, आणि २००१ साली त्याच विचारासाठी त्यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकी बोलीत खोटी निघालेली मोटार म्हणजे 'लेमन'. ॲकरलॉफ यांचा मुद्दा साधा आहे. गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा चांगल्या गाडीलाही मधलीच किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, तो बाजारातून निघून जातो. मग उरलेल्या गाड्यांची सरासरी आणखी खालावते, किंमत आणखी उतरते, आणि शेवटी बाजारात फक्त खोट्या गाड्या उरतात किंवा बाजारच उरत नाही. या मांडणीत कुणीही दुष्ट नाही. भुसा भरणारा माणूस गृहीत न धरताही हा ऱ्हास घडतो. आणि याच निबंधात बाजारच्या तांदळातून त्याच रंगारूपाचे मुद्दाम मिसळलेले खडे निवडत बसणारी भारतीय गृहिणीही आहे, हे सांगितले म्हणजे आपल्या वाचकांना तो निबंध परका वाटणार नाही.

घेणाऱ्याला ठाऊक नसते म्हणजे नक्की काय ठाऊक नसते? इथे थोडे रेंगाळायला हवे, कारण साहित्याच्या अभ्यासकाला रस वाटावा असा भाग हाच आहे. जुनी गाडी स्वतःविषयी पाच तोंडांनी बोलते. आरसी बुक एक सांगते, विम्याची पॉलिसी एक सांगते, सर्व्हिस सेंटरची नोंद एक सांगते, डॅशबोर्डवरचा मीटर एक सांगतो आणि पत्रा एक सांगतो. हे पाचही साक्षीदार एकमताने बोलले असे क्वचित घडते. मीटर पन्नास हजार किलोमीटर म्हणतो, पण क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत झालेले असते आणि स्टिअरिंगवर हात धरण्याच्या जागी चकाकी आलेली असते. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात तिच्या निर्मितीची खूण असते. पाच काचा एका वर्षाच्या आणि सहावी तीन वर्षांनंतरची असेल तर त्या बाजूला काही तरी घडले आहे. टायरवरचे चार अंक कितव्या आठवड्यात, कुठल्या साली तो बनला ते सांगतात. बॉनेटच्या बोल्टवरचा रंग पान्याने खरवडलेला असेल तर तो कुणी तरी, कशासाठी तरी खोलला होता. पूर्वीचा केबलवरचा मीटर हाताने मागे फिरवत. आताचा लॅपटॉप जोडून मागे नेतात. पेडलचे रबर मात्र लॅपटॉपला जुमानत नाही.

हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत एक जुना संकेत आहे: दोन पाठांपैकी जो अवघड, तो अधिक मूळचा मानावा, कारण नकलाकार अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड करत नाही. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तिच्यामागे अशाच संकेतांचे शास्त्र होते. आमच्या शेडमध्ये हाच संकेत दुसऱ्या रूपात लागू पडतो. जो साक्षीदार गाडीची किंमत कमी करतो त्याच्यावर आधी विश्वास ठेवावा, कारण दोष कुणी बनावट तयार करत नाही. हे आम्ही धंद्यात शिरल्यावर शिकलो असे नाही. आमच्या गुरुजींनी वर्गात शिकवले होते. फरक इतकाच की वर्गात चुकीचा पाठ स्वीकारला तर परीक्षणात चार ओळी वाट्याला येतात. इथे अडीच लाख रुपये अडकतात.

हे वाचन सर्वांत अवघड होते ते पुरातल्या गाडीच्या बाबतीत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पाण्यात बुडालेल्या मुंबईच्या गाड्या पुढे राज्यभर विकल्या गेल्या, असे या रस्त्यावरचे जुने लोक आम्हांला सांगत. तेव्हा पुराची गाडी म्हणजे मुंबईची गाडी. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णा यांनी ही व्याख्या बदलली. शिरोळ तालुका पाण्याखाली गेला, पुणे-बंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. पाण्यात बुडालेली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याचे आतले टोक पाहावे लागते, तिथे गाळाची रेघ राहते. सीटच्या खालच्या पट्ट्यांवर गंज असतो, हेडलाइटच्या आतल्या बाजूला धुके असते, डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक माती असते. वास सहा महिन्यांत जातो. वायरिंगचे मात्र दुसऱ्या पावसाळ्यात कळते.

पण आम्हांला सांगायचे आहे ते या खुणांच्या पलीकडचे. २०१९ नंतर एम.एच. ०९ आणि एम.एच. १० हे दोन्ही पासिंग परगावच्या गिऱ्हाइकाच्या मनातून उतरले. माळावरच्या, पाण्याचा थेंबही न पाहिलेल्या गाडीलाही सोलापूरचा माणूस वीसपंचवीस हजार कमी देऊ लागला. आमच्याच गावचे लोक आम्हांला विचारत, "पावणं, गाडी पाण्यातली न्हाई न्हवं?" आणि आम्ही नाही म्हटले तरी पुण्याकडे कोरड्या गाडीच्या शोधात जात. ॲकरलॉफ यांनी कागदावर मांडलेला ऱ्हास आम्ही शिरोळात पाहिला. ज्यांच्या गाड्या खरोखर चांगल्या होत्या त्यांनी त्या विकल्याच नाहीत.

खरेदीदार मग आधार शोधतो तो माणसांत. आमच्या जाहिरातींची भाषा कुणी विद्यार्थ्याने अभ्यासावी इतकी बोलकी आहे. 'डॉक्टरची गाडी', 'एकहाती', 'घरगुती वापर', 'मॅडमची गाडी', 'मास्तरांची गाडी'. गाडीच्या प्रकृतीचे प्रमाणपत्र तिच्या पूर्वीच्या मालकाच्या पेशावरून दिले जाते. मास्तरांच्या गाडीला आमच्याकडे चार पैसे जास्त मिळतात: शाळा ते घर, रविवारी देवदर्शन, सावकाश चालवणे, वेळेवर ऑइल. तिच्यावर कव्हरही असते. (तासिका तत्त्वावरच्या मास्तरांची गाडी अद्याप आमच्याकडे आलेली नाही.) उलट लग्नसराईत भाड्याने फिरलेली, पुढाऱ्याच्या मागेपुढे धावलेली गाडी नुसत्या नावाने स्वस्त होते. या भाषेत जातही डोकावते, हे लपवण्यात अर्थ नाही. 'अमक्यांची गाडी आहे, नीट वापरलेली असणार' असे आडनाव ऐकून म्हणणारे गिऱ्हाईक आठवड्याला एखादे भेटते. मराठीतील दलित आत्मकथनांनी नावावरून माणूस कसा वाचला जातो हे दाखवले आहे. आडनावावरून गिअरबॉक्स वाचला जातो हेही त्या नोंदीत घालावे.

आता पैशांचे. समजा एक गाडी आम्ही २,८०,००० रुपयांना घेतली. दोन टायर नऊ हजार, बॅटरी साडेचार हजार, डेंटिंग-पेंटिंग आणि पॉलिश सहा हजार, म्हणजे १९,५०० गेले. गाडी ३,२०,००० ला विकली. खरेदी आणि विक्री यांतला फरक ४०,०००. जानेवारी २०२५ पासून नोंदणीकृत विक्रेत्याला या फरकावर १८ टक्के जीएसटी आहे. लहान गाड्यांसाठी आधी तो १२ टक्के होता. कर लागतो तो खरेदी-विक्रीच्या फरकावर, दुरुस्तीचा खर्च त्यातून वजा होत नाही. म्हणजे ७,२०० रुपये. उरले १३,३००. भांडवल बँक देत नाही, कारण शेडमध्ये उभ्या गाड्या बँकेच्या लेखी आमच्या नसतातच (याविषयी पुढे). ते ओळखीतून, महिना दीड टक्क्याने येते: महिन्याला ४,२००. गाडी एका महिन्यात गेली तर ९,१०० रुपये हाती येतात. तीन महिन्यांनी गेली तर ७००. त्यातून जागेचे भाडे आणि त्या मुलाचा पगार अजून जायचा आहे. आमचा हंगाम उसाच्या बिलावर चालतो. कारखान्याचे बिल जमा झाले की शेतकरी येतो, बिल लांबले की आमच्या गाड्यांवर धूळ बसते, आणि गाडी लांबली म्हणजे जे काही कमवायचे ते खोटे बोलून कमावण्याचा मोह वाढतो. स्टाइनबेकचा आवाज एवढा घाईत का आहे हे आम्हांला या हिशेबातून कळले, कादंबरीतून कळले नव्हते.

मग खरे बोलावे कुणी आणि का? आमचे मत असे आहे की या धंद्यात खरे बोलणे ही स्वभावापेक्षा जागेची गोष्ट आहे. ज्याला त्याच रस्त्यावर, त्याच शेडमध्ये पुढच्या वर्षीही बसायचे आहे तो खोटी गाडी विकताना कचरतो, कारण गिऱ्हाईक जत्रेत भेटते, सोसायटीच्या सभेत भेटते, त्याचा मामा आमच्या वर्गातला असतो. जो मोबाईलवर फोटो पाठवून, पेट्रोल पंपावर गाठ घालून व्यवहार करतो त्याला कचरण्याचे कारण नाही. दोघांच्या नीतीत कदाचित तसूभरही अंतर नसेल. साहित्याने व्यापाऱ्याचे चारित्र्य पाहिले, त्याचा पत्ता पाहिला नाही. 'प्रामाणिक व्यापारी' आणि 'लबाड व्यापारी' असे दोन ठोकळे करून ठेवले की मग कुठल्या परिस्थितीत प्रामाणिकपणा परवडतो हा प्रश्नच विचारावा लागत नाही, आणि कादंबरीचा खरा प्रदेश तर तोच आहे.

कायद्यानेही हा पत्ता फार उशिरा पाहिला. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ५० प्रमाणे मालकी बदलली की विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे. यात दोनच माणसे आहेत. आमच्यासारखा तिसरा कुठेच नव्हता. म्हणून प्रथा पडली ती अशी: विकणारा माणूस फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर कोऱ्या सह्या करून देतो, दुकानदार ते कपाटात ठेवतो, गिऱ्हाईक मिळाले की त्याचे नाव भरतो. मधले दोन महिने, चार महिने, कधी वर्षभर, गाडी पहिल्याच्या नावावर असते आणि ताब्यात दुसऱ्याच्या. शेडमधली गाडी कायद्याने आमची नसते हे वर म्हटले ते या अर्थाने. या मधल्या काळात अपघात झाला तर? २००९ सालच्या एका अपघाताचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ती गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती आणि नोंदणी मात्र पहिल्या मालकाच्याच नावावर राहिली होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ठरवले की नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच भरपाईसाठी मालक. जखमी माणसाने विक्रीच्या साखळीचा माग काढत बसायचे नाही. पीडिताच्या बाजूने पाहिले तर निर्णय न्याय्य आहे याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण एखाद्या निवृत्त शिक्षकाने गाडी विकून दोन वर्षे झाली, पैसे संपलेही, आणि एका अनोळखी गावातल्या अपघाताची नोटीस त्याच्या दारात आली, हेही त्यातच आले.

२२ डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून तो लागू झाला. त्यात जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला पहिल्यांदा नाव मिळाले. त्याने नोंदणी अधिकाऱ्याकडून पाच वर्षांचे अधिकारपत्र घ्यायचे. गाडी त्याच्याकडे सोपवल्याची माहिती ऑनलाइन द्यायची. तिथून पुढे, गाडी विकली जाईपर्यंत, तो त्या गाडीचा मानीव मालक. 'मानीव' हा शब्द मराठी वाचकांना गृहनिर्माण संस्थांच्या मानीव अभिहस्तांतरणामुळे ठाऊक असेल. नसलेले असल्याचे मानणे, एवढाच त्याचा कोशातला अर्थ. पण व्यवहारात त्याचा अर्थ उलटा आहे. आम्ही इतकी वर्षे होतोच, कायदा आम्हांला नसल्याचे मानत होता. आता मधल्या चार महिन्यांत काही झाले तर जबाबदारी आमच्यावर येते. आमच्या व्यवसायातील अनेकांना हे ओझे वाटते. आम्हांला तो सन्मान वाटतो. ज्याला जबाबदार धरता येते त्यालाच भाषेत कर्ता म्हणतात, हे व्याकरण आम्ही शिकवलेले आहे. आमच्या रस्त्यावर कोऱ्या सह्यांचे फॉर्म मात्र अजून चालतात. अधिकारपत्र घेतलेल्याचे हिशेब दिसू लागतात, न घेतलेल्याचे दिसत नाहीत, आणि गिऱ्हाईक दोघांत फरक करत नाही.

दरम्यान मोठे लोक आले. मारुतीची ट्रू व्हॅल्यू दुकाने २००१ पासून आहेत. २०१५ नंतर मोबाईलवरून गाडी घेणाऱ्या-विकणाऱ्या कंपन्या पसरल्या. दोनशे मुद्द्यांची तपासणी, ठरलेली किंमत, काही दिवसांत परत करण्याची मुभा. यांतले बरेच काही चांगले आहे, हे मान्य करायला हवे. मुंबई-पुण्याच्या तरुण मुलीला गाडी पाहायला एकटीने शेडमध्ये यावे लागत नाही, घासाघीस करताना कुणाचे शेरे ऐकावे लागत नाहीत. ॲकरलॉफ यांनी स्वतः हमी, नाममुद्रा आणि साखळी दुकाने हे या रोगावरचे उपाय म्हणून सांगितले होते. आमची शंका दोनशे मुद्द्यांविषयी आहे. यादी आणि वाचन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. यादीत प्रत्येक मुद्दा ठीक किंवा नाठीक असतो. काचेचे वर्ष, बोल्टवरचा ओरखडा आणि विम्याचा जुना दावा एकत्र ठेवून 'इथे काही तरी घडले आहे' असे म्हणणारी ओळ यादीत नसते. आजकाल कवितेच्या परीक्षणांतही प्रतिमा, लय, आशय अशा रकान्यांत खुणा केलेल्या आढळतात. ती परीक्षणे वाचून कवितेविषयी जेवढे कळते तेवढेच त्या अहवालावरून गाडीविषयी कळते. शिवाय शिरोळच्या शेतकऱ्याची अकरा वर्षांची गाडी या कंपन्या सहसा घेत नाहीत. ती आमच्याकडेच येते.

मोठ्यांना जे सोसते ते लहानांना सोसत नाही, याचा पडताळा २०२५ च्या सप्टेंबरात आला. लहान नव्या मोटारींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, वरचा उपकरही गेला, आणि २२ सप्टेंबरपासून काही लहान गाड्यांच्या किमती लाखभराच्या आसपास उतरल्या. नवे घेणाऱ्यांसाठी आनंदाची गोष्ट. पण नवी गाडी उतरली की तीन वर्षांची जुनी गाडी त्याच रात्री उतरते, आणि ती जुनी गाडी आम्ही जुन्या भावाने घेऊन शेडमध्ये उभी केलेली असते. पंधरा ऑगस्टच्या भाषणातून करकपातीची कुणकुण लागल्यापासून गिऱ्हाईक थांबलेलेच होते. आमच्याकडे तेव्हा अकरा गाड्या होत्या. वरचा हिशेब वाचकांनी प्रत्येक गाडीमागे चाळीस हजार खाली आणून पुन्हा मांडून पाहावा. सरकारने हे करू नये असे आम्ही म्हणत नाही. स्वस्त गाडी ही दुचाकीवर चौघे बसणाऱ्या कुटुंबाची सुरक्षितता आहे. परंतु त्या आठवड्यात मराठी वृत्तपत्रांतील अग्रलेखांमधून ग्राहक, उत्पादक आणि सरकार असे तिघेच बोलत होते.

त्या दिवाळीनंतर आमच्या रस्त्यावरची दोन दुकाने बंद झाली. एका जागेवर आता मोबाईलच्या कव्हरांचे दुकान आहे, दुसरी रिकामी आहे. दोघांनीही अधिकारपत्र घेतलेले नव्हते. त्यांच्याकडून गाडी घेतलेला एक जण अलीकडे आमच्याकडे कागद घेऊन आला. गाडी चांगली आहे, पैसे पूर्ण दिलेले आहेत, विकणारा दुकानदार आता फोन उचलत नाही. हातात फॉर्म ३० आहे. त्यावर इचलकरंजीच्या एका सद्गृहस्थांची सही आहे, जे आपण गाडीतून मोकळे झालो असे समजून आहेत. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी आहे, तारखेचीही कोरी आहे.